रुद्रभूमीतील पाणी बाहेर जाण्याबाबत

तक्रारदार: मी स्वतः. शिक्षण आठवी पास, नववीत बसलो होतो. व्यवसाय अर्जलेखन. ठिकाण सांगली जिल्ह्यातील एका तहसील कचेरीच्या आवारातले लिंबाचे झाड, उत्तर बाजू. मूळ राहणार रहिमतपूरकडचा, जिल्हा सातारा. घटनेच्या वेळी वय पंचेचाळिशीच्या मागेपुढे.

सामनेवाला: पाणी. वय व धंदा माहीत नाही. राहण्याचे ठिकाण मी माझ्या अर्जात चुकीचे लिहिले, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

घटनेचा काळ: नव्वदीच्या दशकाचा मधला भाग. इतरांच्या अर्जांत मी इतक्या तारखा घातल्या आहेत की स्वतःसाठी एकही खात्रीची उरली नाही. तेव्हा उसाला पाणी चालू होते एवढे नक्की, पण आमच्या भागात ते नेहमीच चालू असते.

साक्षीदार: एक, अप्पा, लिंगायत समाजातील बागायतदार, सध्या हयात नाहीत. दोन, शाखा अभियंता, बदली होऊन गेले. तीन, माझी पत्नी. हयात आहे, परंतु तिची साक्ष माझ्या विरोधात जाण्याचा संभव असल्याने तिला शेवटी तपासावे. नावे देत नाही. नावे दिली की माणसे आपापली कैफियत घेऊन येतात, आणि ती लिहून देण्याचे काम पुन्हा माझ्याकडेच येते.

हकिगत येणेप्रमाणे.

लिंबाखाली माझे टेबल, एक खुर्ची आणि आलेल्या माणसासाठी एक बाक होता. टेबलावर टाक, दौत, टीपकागद आणि एक पितळी घंटी. घंटी वाजवून बोलवावे असे माझ्या हाताखाली कोणी नव्हते. तरीही मी ती अधूनमधून वाजवीत असे. शेजारी टाइपरायटरवाले बसत. त्यांच्याकडे गर्दी जास्त असे, पण त्यांच्या यंत्रात ‘सबब’ हा शब्द माझ्या हातच्या वजनाने उमटत नाही, असे माझे ठाम मत होते.

एका सकाळी अप्पा बाकावर येऊन बसले. सत्तरी ओलांडलेली, धोतर, अंगात जाड सदरा, गळ्यात चांदीच्या करंड्यातले लिंग. गावात त्यांचा उसाचा मोठा मळा, मुलगा फौजेतून सुटून घरी आलेला. त्यांच्या घरचे बांधाचे, वाटेचे अर्ज मी पूर्वी लिहिले होते. या खेपेला त्यांनी विषय सांगायला बराच वेळ घेतला.

महिन्यापूर्वी त्यांचे चुलतभाऊ वारले होते. लिंगायत समाजात मृताला जाळीत नाहीत, पुरतात, आणि तेही आडवे ठेवून नव्हे. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात, भोवती विभूती आणि बेलाची पाने. त्यांच्या या जागेला रुद्रभूमी म्हणतात. चुलतभावासाठी खड्डा काढला तेव्हा छातीइतक्या खोलीवर तळातून पाणी आले. बादल्यांनी उपसले, पुन्हा आले. माणसे एकमेकांची तोंडे पाहू लागली. शेवटी वाळूची पोती ओतून कसेबसे उरकले. अप्पांची पत्नी काही वर्षांपूर्वी त्याच रुद्रभूमीत, ओढ्याच्या अंगाला बसलेली होती. तिच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी धरून ठेवली होती, चार दगड लावून.

“आवं रायटर,” अप्पा म्हणाले, “तुमी लोकं लाकडावर आडवी हून जाता. आमी बसून जातो. कमरंइतक्या पाण्यात मांडी घालून किती दीस बसू मी?”

असा प्रश्न आला की माणसाने थोडे गप्प राहावे. मी ताबडतोब टाक दौतीत बुडवला.

आता माझ्या ज्ञानाबद्दल. रहिमतपूरकडे आमची जमीन उताराला होती. तांबडी, मुरमाड. तिच्यावर घागर ओतली तर घागर सरळ करेपर्यंत पाणी खाली गेलेले असे. तिथे पाण्याचा त्रास एकच होता: ते डोंगराकडून, वरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येई. वडील बांध घालीत, पाणी बांधाला लागून वळे आणि शेजाऱ्याच्या रानात जाई, आणि मग शेजारी अर्ज करायला जाई. पाणी बाहेरून येते आणि बांधाने थांबते, हे मी लहानपणीच शिकलो होतो. शाळेत शिकलेले बरेचसे विसरलो. हे तेवढे विसरायला हवे होते.

मी लिहिले की सदर रुद्रभूमीत बाहेरील पाणी शिरत असल्याने मृतांची व त्यांच्या वारसांची घोर विटंबना होत आहे, सबब सदर जागेस चहूबाजूंनी मातीचा भक्कम बांध घालून मिळावा. ‘घोर’ शब्दाखाली रेघ ओढली. अप्पांना वाचून दाखवले. त्यांना आवाज आवडला. माझा आवाज सगळ्यांनाच आवडे.

घरी आल्यावर पत्नीला तो मजकूर तोंडपाठ ऐकवला. ती भाकरी थापीत होती. जागा बघून आलात का, एवढेच तिने विचारले. अर्जलेखकाने जागा बघायची नसते, विषय बघायचा असतो, असे मी तिला समजावून सांगितले. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

यानंतर जे घडले ते माझ्या आयुष्यात पूर्वी कधी घडले नव्हते. अर्ज मंजूर झाला.

माझे अर्ज सहसा मंजूर होत नसत. ते दाखल होत, पुढे पाठवले जात, उचित कार्यवाहीसाठी कुठे तरी रवाना होत आणि तिथे म्हातारे होत. पण हा अर्ज मार्चअखेरीस पोहोचला. कोणत्या तरी खात्यात कोणत्या तरी कामाचा निधी खर्चायचा राहिला होता आणि मातीचा बांध हे काम लवकर उरकण्यासारखे होते. स्थळपाहणीला साहेब आले. अप्पांनी मलाही जीपमधून नेले, आणि अशा रीतीने मी ती जागा प्रथम पाहिली.

काळी जमीन. उन्हाने अशी फाटलेली की भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. मी साहेबांसमोर घागर मागवली आणि एका भेगेत ओतली. घागर गेली. दुसरी ओतली, तीही गेली. जमीन पाणी प्यायला तयार आहे, फक्त बाहेरचे पाणी अडवा, असे मी जाहीर केले. साहेबांनी मान हलवली. तीच भेग भिजल्यावर फुगते आणि दार लावल्यासारखी मिटते, त्यानंतर वरून थेंबही खाली जायला तयार होत नाही, हे मला माहीत नव्हते. तिसरी घागर ओतण्याचा धीर धरला असता तर तिथेच कळले असते. पण दोन घागरींत भाषण पुरे झाले होते.

आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. जमिनीवर जागोजागी पांढरी भुकटी पसरली होती. इतके लोक इथे विभूतीसह बसवलेले, तेव्हा ती विभूतीच, असे मी धरून चाललो. वाकून चिमूट घेतली आणि भक्तिभावाने कपाळाला लावली. साहेबांनीही लावली. त्यांनी माझ्याकडे पाहून लावली, हे मी आजही शपथेवर सांगेन. घरी पोहोचेपर्यंत कपाळाला आग होत होती. मी ती अध्यात्माची समजलो.

बांध झाला. उत्तम झाला. आतलीच माती खणून, पाणी मारून, चोपून चोपून घातला. गावाने मला फेटा बांधला, अप्पांनी नारळ दिला. मी उत्तरादाखल बोललो तेव्हा आभार मानता मानता शासनाला आणखी दोन सूचना केल्या.

मग पावसाळा आला. बाहेरचे पाणी आत आले नाही, यात बांधाची काहीही कसूर नाही. आत पडलेले पाणी बाहेर गेले नाही, यातही नाही. श्रावणात रुद्रभूमी काठोकाठ भरली. समाध्यांचे नुसते माथे वर दिसत. एकीवर बगळा उभा राहू लागला. म्हशी आल्या. आसपासच्या रानात काम करणारी माणसे जागेची खूण सांगताना ‘रायटरच्या तळ्यापल्याड’ म्हणू लागली. फेटा मी ट्रंकेत तळाशी ठेवला.

अप्पा लिंबाखाली आले, पण ओरडले नाहीत. बाकावर बसून म्हणाले, “गड्या, आधी ती कमरंइतक्या पाण्यात हुती. आता डोक्यावरनं गेलं.” आणि माझ्या घंटीवर उगाच बोट फिरवीत राहिले.

मी बांध काढून टाकण्याचा अर्ज केला. उत्तर आले. तेही लवकर आले, आणि मला उत्तरे लवकर येऊ लागली हीच मोठी वाईट खूण होती. सदर काम आपल्याच मागणीनुसार व आपल्याच मजकुरातील कारणांस्तव पूर्ण करण्यात आले असून बांध ही आता शासकीय मालमत्ता आहे, तिला हानी पोहोचविल्यास कारवाई करण्यात येईल. माझेच ‘घोर’ त्यांनी अवतरणचिन्हांत परत पाठवले होते. त्यावर मी दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आले नाही, तेव्हा सगळे पूर्ववत चालू झाल्याचे लक्षात आले.

दरम्यान पहिले साहेब बदलून गेले आणि नवे शाखा अभियंता आले. वयाने माझ्याहून बरेच लहान, सदैव दमलेले. जागा पाहून ते कचेरीत आले तेव्हा अप्पा माझ्याच बाकावर होते. मी चहा सांगितला. अभियंत्यांनी विचारले की पाणी बाहेरून येते हे अर्जात कोणी ठरवले. मी ताठ बसलो. वरून येणारे पाणी वरूनच येते, असे काहीसे बोललो.

बशीत थोडा चहा सांडला होता. त्यांनी माझ्या टेबलावरचा टीपकागद उचलला आणि त्याची कड बशीत टेकवली. तांबूस ओल कागदावर चढू लागली, हळूहळू, माझ्या डोळ्यांसमोर.

“रायटर, हा चहा कागदावर वरून कोणी ओतला?”

वीस वर्षे मी त्या कागदाने शाई टिपत होतो. शाई कागदात चढते हे मी दिवसातून कितीदा पाहिले असेल. पण ती अर्जातली शाई होती. तिचा शेतीशी संबंध असेल असे वाटण्याचे कारण नव्हते.

त्यांनी मग सांगितले ते असे. मुरमात मोठी भोके असतात, पाणी त्यातून पळते. काळ्या मातीत भोके त्याहून जास्त, पण इतकी बारीक की पाणी त्यात अडकून बसते. वर्षानुवर्षे उसाला पाणी दिले की पिकाला लागते त्याहून जास्त असलेले हळूहळू खाली मुरते. खाली वाट नसली की साठते, आणि साठलेल्याची पातळी दरवर्षी वर येते. पातळी जवळ आली की माती ते टीपकागदासारखे आणखी वर ओढते. वर ऊन पाण्याला नेते आणि पाण्यातला क्षार मागे राहतो. तीच ती पांढरी भुकटी.

माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. अभियंते समजूतदार होते, त्यांनी विचारले नाही.

त्यांनी अप्पांना विचारले की रुद्रभूमीच्या वरच्या अंगाला रान कोणाचे.

“आमचंच.”

“उसाला पाणी किती वेळ सोडता?”

“लाईट हाय तोवर,” अप्पा म्हणाले.

अप्पांनी बशीकडे पाहिले. ओल आता कागदाच्या मध्यापर्यंत पोहोचली होती.

“म्हंजे मीच बसवली की तिला पाण्यात,” ते म्हणाले. “जित्ती हुती तवा म्हनायची, लय पाणी सोडता तुमी. मी म्हनायचो, तुला काय कळतंय.”

अशा वेळी धीराचा शब्द बोलावा. मी म्हणालो की अर्जदार व सामनेवाला एकच इसम असल्यास अर्ज दाखल करून घेत नाहीत. अप्पांनी माझ्याकडे पाहिले आणि खांदे हलेपर्यंत हसले. हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी कोणाला रडताना हसवले, अशी नोंद माझ्या नावावर ही एकच आहे, आणि तीही अनवधानाने.

उपाय सोपा होता आणि कोणाच्याही मंजुरीवाचून होण्यासारखा होता, ही माझ्या दृष्टीने त्यातली खोट. पाण्याला अडवायचे नाही, खाली जायला जागा द्यायची. रुद्रभूमीच्या वरच्या कडेने माणूस बुडेल इतका खोल चर काढायचा, ओढ्यापर्यंत उतार द्यायचा, तळाशी दगडगोटे, वर खडी, त्यावर जाड वाळू, आणि मग बुजवून टाकायचा. चर अप्पांच्याच उसातून जाणार होता. शिवाय वरच्या पट्टीतला ऊस मोडून तिथे शाळूची ज्वारी करायची, म्हणजे पाणी कमी लागेल.

मुलाला हे पटले नाही. तो वाईट नव्हता. त्याने फौजेतून आल्यावर तो मळा वाढवला होता, आणि वरची पट्टी सगळ्यांत जोमदार. बांधावर उभा राहून त्याने विचारले, “अप्पा, मेलेल्या मानसांपायी उभ्या उसात चर काढायचा?”

“मी अजून कुटं मेलोय?” अप्पा म्हणाले. “मी मेल्यावर तू कसा काढशील, ते ठाव हाय मला. म्हनून आत्ता काढतोय.”

मुलगा माझ्याकडे वळला आणि हे सगळे तुमच्या अर्जानं झालंय, असे म्हणाला. ते पूर्णपणे खरे नव्हते, पण खोडून काढण्यासारखेही नव्हते. अप्पांनी त्याला एवढेच सांगितले की बाकीचा सगळा मळा तुझा, ही पट्टी तुझ्या आईची. दुसऱ्या दिवशी चर खणणाऱ्या माणसांना न्याहारी त्याच्याच घरून आली.

चर पुरा झाला आणि त्यातून काहीच आले नाही. ओढ्यात उघडणारे त्याचे तोंड कोरडे. मी रोज सायकलने जाऊन बघत असे आणि परत येऊन काम फसल्याचा मजकूर मनात जुळवत असे. अभियंत्यांना गाठून विचारले तेव्हा ते म्हणाले की ओली माती पाणी देत नाही, धरून ठेवते. पुरती तुडुंब भरली की मगच सोडते. उसाचे पुढचे पाणी होऊ द्या. तसे झाले. एका सकाळी तोंडातून करंगळीएवढी धार सुटलेली दिसली. अप्पांनी ओंजळ धरून चाखली आणि मला चाखायला लावली. खारट. माझ्या कपाळाच्या ओळखीची चव.

राहिला बांध. खालचे पाणी चराने जाणार होते, पण वरून पडणारे बांध पुन्हा कोंडणार होता. माझा अर्ज प्रलंबित होता आणि मृगाचे ढग दिसू लागले होते. अप्पा एका दुपारी लिंबाखाली आले आणि म्हणाले, चला. मी टोपी घातली. एखाद्या कचेरीत जायचे असेल असे वाटले होते. रुद्रभूमीत त्यांनी माझ्या हातात कुदळ दिली. ओढ्याच्या अंगाला, खालच्या बाजूला, आम्ही दोघांनी बांध फोडला. पहिला घाव मी घातला, कारण मंजुरी माझ्या मजकुराला मिळाली होती. माझा हात टाकाचा. बांध इतका चोपून घातलेला की थोड्याच वेळात तळहाताला फोड आले. शासकीय कामाच्या दर्जाबद्दल मी त्या दिवसापासून वाईट बोलत नाही. अप्पांनी खोऱ्याने माती ओढली, आणि मध्ये दम खायला पत्नीच्या समाधीशेजारी, आपल्या चार दगडांच्या आत, मांडी घालून बसले. बसून पाहतो, असे म्हणाले. कसे वाटते ते मी विचारले. अजून जरा गार लागतंय, म्हणाले.

काही आठवड्यांनी कचेरीच्या फलकावर नोटीस लागली: अज्ञात इसमांनी सदर बांधाची नासधूस केली. मी ती वाचली आणि अस्वस्थ झालो. कारवाईची भीती नव्हती. माझ्या हातचे एक काम जन्मात प्रथमच बरोबर झाले होते आणि ते अज्ञाताच्या नावावर जमा झाले होते. घरी बोललो तेव्हा पत्नी म्हणाली, “आवं, फोड दावा की त्यास्नी.” तोवर फोड बरे झाले होते.

त्यानंतर अप्पा अधूनमधून पहार घेऊन रुद्रभूमीत जात. आपल्या जागेत ती खोल ठोकून वर काढत, टोकाला लागलेली माती बोटांत चोळत, आणि परत येताना लिंबाखाली थांबून मला हवालदारासारखा अहवाल देत. चिकट हाय. जरा सुटी हाय. आज बोटाला पाणी लागलं न्हाई. शाळू बरा आला, तेही सांगत. मी ऐकून घेई आणि घंटी वाजवी.

दशक सरता सरता ते गेले. मला बोलावणे आले. खड्डा काढून झाला होता. माणसे कडेने उभी होती आणि कोणीच आत वाकून पाहत नव्हते. मुलगा माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “रायटर, तुमी बघा. माज्यानं बघवंना.”

मी खड्ड्यात उतरलो. तळ काळा, गार, घट्ट. अंगठा दाबला, त्याचा ठसा तसाच राहिला. ठशात पाणी भरेल म्हणून मी वाट पाहिली. या खेपेला धीर धरला.

“ओल आहे,” मी वर सांगितले. “पाणी नाही.”

मुलाने मान हलवली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. मग अप्पांना आणले आणि पत्नीच्या शेजारी मांडी घालून बसवले. विभूती वाटली तेव्हा माझ्याही हातावर आली. ती मी आधी हुंगून पाहिली. लोकांना ते विचित्र वाटले असणार.

सबब विनंती अशी की:

बांध फोडल्याच्या नोंदीतील ‘अज्ञात इसम’ हे शब्द खोडून तिथे कैलासवासी अप्पांचे नाव प्रथम व माझे नाव द्वितीय, असे लिहिण्याचे करावे. याबद्दल कारवाई करणे असल्यास ती माझ्या एकट्यावर करावी. प्रथम इसम हजर राहू शकत नाहीत, आणि त्यांना उठवण्याची मी परवानगी देणार नाही. बांध काढून टाकण्यासाठी मी केलेला दुसरा अर्ज अद्याप प्रलंबित आहे. उरलेला तीन बाजूंचा बांध आजही भक्कम उभा आहे, त्याचा निकाल लावावा. मला स्वतःला लाकडावर आडवे होऊन जायचे असल्याने यात माझा व्यक्तिगत लाभ नाही. परंतु अप्पांच्या पलीकडे त्यांच्या मुलाने नुकतेच चार दगड लावले आहेत, तेव्हा प्रकरण संपलेले नाही.

उत्तर लिंबाच्या झाडाखाली, उत्तर बाजूस, मिळावे. उशिरा आले तरी चालेल. होकारार्थी असल्यास पाठवण्यापूर्वी कृपया एकदा जागा पाहून यावी.